लग्नाचा अल्बम उघडाच राहिला

रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय समीक्षाताई,

सप्रेम जय भीम.

सोबतच्या पाकिटात फोटो आहेत. कराडकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलेत आणि अलोऱ्याला गंगामावशींच्याच हातात द्यायचे असं दोनदा बजावलंय. पत्र लिहायची हाताला सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन करायचा नाही हे आपलं ठरलंय आणि मी ते पाळतेय. तू घर सोडलंस त्या आठवड्यात सुहास माझ्या स्टुडिओत आला होता आणि माझ्या हातातून मोबाइल ओढून नंबर बघत बसला होता, ते मी विसरलेले नाही.

दिवाळीत तुझ्याकडे येऊन गेले ते फार बरं झालं. गेल्या वर्षी तू मुंबईहून निघून आलीस तेव्हा आपण मिरकरवाड्याच्या जेटीवर उभ्या उभ्या भेटलो होतो. आमच्या घरी सुहास तुला शोधत आधी येणार हे माहीत होतं ना! तेव्हा तुझ्याकडे बघवत नव्हतं. आणि आता बाईसाहेब गाळ्यात मशीन टाकून बसल्यात, ब्लाऊज वेळेवर न्यायला आली नाही म्हणून बायकांनाच दम देतायत. आतेबहीण असलीस तरी सांगते, त्या दिवशी मला जरा तुझी भीतीच वाटली.

मावशींच्या क्वार्टरसमोर पायरीवर बसून तू राहीच्या दोन वेण्या घालतेयस, तो फोटो सगळ्यात वर ठेवलाय. तुझ्या तोंडात रिबीन आहे आणि राही कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढतेय. यात मी काहीच सुधारलं नाही, नुसता उजेड थोडा वाढवला. आता मी गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह देतच नाही, बरं का. क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो सुधारायचे आणि तिथूनच थेट लिंक द्यायची. मी इकडे उजेड वाढवला की तिकडे लोकांच्या मोबाइलवर तोच फोटो उजळलेला दिसतो. तुझे फोटोही तिथेच ठेवलेत, म्हणजे हरवायला नकोत. वेगळा अल्बम करावाच लागला नाही, तुझ्या नावाचा जुना होताच.

एक विचारायचं होतं. गाळ्यावर पाटी कधी लावतेस? तिथे सगळे तुला ‘नर्सबाईंची भाची’ म्हणतात, ते मला आवडलं नाही. पाटी मी इथून करून पाठवीन, अक्षरं तू सांगशील त्या रंगाची.

राहीला पापा. मावशींना जय भीम.

तुझी,
सानवी


अलोरे
१३ नोव्हेंबर

प्रिय सानवी,

सप्रेम जय भीम.

फोटो पोचले. वेण्यांचा फोटो मावशींनी आरशाच्या फटीत खोचून ठेवलाय. राही येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली जीभ दाखवते, फोटोतली आणि खरीही.

पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलेय आणि पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. ‘तुझ्या नावाचा जुना अल्बम’ म्हणजे कुठला? माझ्या नावाचा अल्बम तू एकदाच केला होतास, माझ्या लग्नाचा. त्याची लिंक तू सुहासला दिली होतीस. रविवारी तो ती टीव्हीवर लावायचा आणि कोण कसा जेवत होता, कोणी कुठली साडी नेसली होती, हे बघत हसायचा. ती लिंक अजून चालते का? तूच लिहिलंयस की तू इकडे काही केलंस की ते तिकडे दिसतं. मग तू इकडे फोटो टाकलास, तर तो तिकडे दिसणार नाही का?

चुकत असले तर मला वेडी म्हण. मला वेडी ठरायला आवडेल.

तुला माहीत आहे, त्याला मी परत नको आहे. त्याला राही हवी आहे, आणि तीसुद्धा मला शिक्षा म्हणून. दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा तेव्हा म्हणायचा, पोरीला बहिणीकडे नेऊन ठेवीन, तुला पुन्हा तिचं तोंड दिसणार नाही. तो बोलतो ते करतो. गंगामावशी आईची मैत्रीण, ड्युटीमुळे लग्नाला आल्या नव्हत्या, म्हणून सुहासला त्या माहीतच नाहीत. आम्ही इथे सुखरूप आहोत ते तेवढ्या एका गोष्टीवर.

पाटी नको. माझं नाव कुठेच लिहिलेलं नको. कोर्टात अर्ज कर म्हणून मावशी मागे लागल्यात, पण अर्जात पत्ता लिहावा लागतो आणि त्याची एक प्रत त्याच्याकडे जाते, म्हणून मी तोही केलेला नाही.

उत्तर लवकर पाठव. एसटीनेच पाठव.

समीक्षा


रत्नागिरी
१५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि आधी संगणक उघडला. तू म्हणालीस ते बरोबर आहे, अल्बम तोच होता. मी लग्नाचा अल्बम कधी बंदच केला नव्हता, आणि नेहमीच्या सवयीने तुझे फोटो त्यात टाकून बसले. एका घरचे फोटो एका ठिकाणी ठेवायचे, ही मला बाबांनी लावलेली सवय. कपाटातल्या अल्बमना ते ठीक होतं.

फोटो काढून टाकलेत. आता तिथे फक्त लग्न आहे. काळजी करू नकोस. इतक्या जुन्या लिंका कोण उघडून बघतंय? माझी निम्मी गिऱ्हाइकं तर लिंक पाठवली की पुन्हा मागतात.

एक-दोन गोष्टी सुचवते, उगाच आपल्या. सध्या हवा बदलतेय, मुलं आजारी पडतात, तर राहीला काही दिवस बालवाडीत नाही पाठवलं तर बरं. गाळ्यात तुझ्याजवळच खेळू दे. आणि मावशींच्या क्वार्टरच्या भिंतीवर तो काळा क्रमांक रंगवलाय ना, तो फार भद्दा दिसतो. मावशींना सांगून त्यावर चुना मारून घे. फोटो काढताना नजर सारखी तिकडेच जात होती.

बाकी इकडे सगळं मजेत. लग्नसराईची कामं सुरू झालीत.

तुझी,
सानवी


अलोरे
१८ नोव्हेंबर

सानवी,

मी तुला लहानपणापासून ओळखते. मामीच्या हातून मार बसायचा असला की तू अशीच एका दमात चार विषय बोलायचीस.

फोटो काढून टाकलेस, कोणी बघितले नाहीत, मग भिंतीवरचा क्रमांक का पुसायचा? राहीला बालवाडीत का नाही पाठवायचं? इथे हवा छान आहे. कोणालाही शिंकसुद्धा आलेली नाही.

तुझं सांगणं ऐकलंय. राही गाळ्यात टेबलाखाली चिंध्या घेऊन बसते. मावशींनी चुना मारून घेतला. पण खरं काय ते मला सांग. कितीही वाईट असलं तरी सांग. रस्त्यावर एखादी गाडी हळू झाली तरी मी मशीनवरचा पाय उचलते, आणि कशाला घाबरायचं ते ठाऊक नसताना माणूस सगळ्यालाच घाबरतो.

समीक्षा


रत्नागिरी
२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सांगते. खुर्चीत नीट बस आणि मग वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अल्बम उघडला तेव्हा वेण्यांच्या फोटोखाली कमेंट होती. सॉफ्टवेअरच्या त्या पानावर बघणाऱ्याला लिहायची सोय असते. लोक ‘मस्त’ लिहितात, हार्ट टाकतात. तिथे लिहिलं होतं: ‘वेण्या छान दिसतात. कुठली कॉलनी ही?’ वर नाव सुहासचं.  मी फोटो काढून टाकला, त्याबरोबर ती कमेंटही गेली, आणि तुला न सांगायचं ठरवलं. तू घाबरशील आणि राहीला घेऊन अजून कुठे तरी निघून जाशील, असं वाटलं.

तो जुना अल्बम का उघडत होता तेही आता कळलंय. लग्नाचे फोटो एकेक बघून, त्यात जे जे पाहुणे दिसतात त्यांच्या घरी तो जाऊन येतोय. बाबांच्या मित्राकडे गेला, आमच्या काकूच्या माहेरी गेला. मोबाइलवर फोटो दाखवायचा आणि विचारायचं, ‘हे तुम्हीच ना? मग समीक्षा कुठे आहे सांगा.’ मावशी त्या अल्बममध्ये नाहीत याबद्दल मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे.

पण मी गप्प बसले नाही. तुझा नि राहीचा मिरकरवाड्याच्या जेटीवरचा फोटो माझ्याकडे होता ना, राहीने होड्यांसमोर हट्टाने काढून घेतलेला? तो मी त्याच अल्बममध्ये टाकला. म्हटलं, तुला बघायचंच आहे ना, बघ. आणि तो आला, ताई! थेट मिरकरवाड्याला, लिलाव चालू असताना. मोबाइल पुढे धरून प्रत्येक टोपलीवालीला विचारत फिरला. आमच्या ओळखीच्या एका मासळीवालीने त्याला सुनावलं, ‘हितं मासली इकतात, बायका नाय. घेतोस काय बांगडा? नायतर वाट सोड.’ सगळ्या हसल्या आणि त्याच्या पायावर बर्फाचं पाणी आलं.

मग तो माझ्याकडे आला. स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसला, दिव्यांच्या समोर, केस नीट केले आणि म्हणाला, ‘माझा एक फोटो काढ. राहीला दाखव. बाप विसरली नसेल.’ ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी फोटो काढला. फोटो हललेला आला. त्याने तो बघितला आणि दुसरा काढायला लावला. जाताना म्हणाला, तू हुशार आहेस, सानवी.

पण तो आता मिरकरवाड्यातच शोधत बसेल. तू निवांत राहा.

तुझी,
सानवी


अलोरे
२४ नोव्हेंबर

सानवी,

तू माझं तोंड दोनदा त्याच्यापुढे धरलंस. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा ठरवून, आणि तेही मला न विचारता. पहिलं मी कधीच मनातून काढून टाकलंय. दुसऱ्याचा मला राग आहे आणि तो लिहून टाकते, नाहीतर मनात राहील. त्या घरात मी कुठे जायचं, कोणाशी बोलायचं हे दुसरं कोणी तरी ठरवायचं. तू प्रेमाने केलंस, पण ठरवलंस तूच.

आणि तुझी युक्ती टिकायची नाही. जेटीवरचा फोटो पुन्हा बघ. राहीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या म्हणून मी तिचे केस पार कापले होते. त्या फोटोत ती मुलग्यासारखी दिसते. दुसऱ्या फोटोत तिला दोन वेण्या आहेत. सुहास मूर्ख नाही. तो फोटो बघतो तेव्हा एकेक माणूस बघतो, तूच लिहिलंयस. त्याला जुना कोणता आणि नवा कोणता हे कळेल, आणि आपण त्याला खोटं दाखवलं म्हणजे खरं लपवण्यासारखं काही आहे, हेही कळेल.

मी इथून हलणार नाही. राहीला घेऊन आणखी किती गावं फिरू? मावशींबरोबर मी चिपळूणला संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन आले. अर्ज भरला. पत्ता लिहिला. लिहिताना पेन चालत नव्हतं, मावशी म्हणाल्या, थांब, दम घे, मग लिही. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, धमकीचा काही पुरावा आहे का? माझ्याकडे काय असणार? तो सगळं तोंडानेच बोलायचा, दार लावून.

म्हणून आता नीट ऐक. अल्बम बंद करू नकोस. तो फोटो तिथून काढून टाकू नकोस. त्याने खाली काही लिहिलं तर पुसू नकोस. तारखेसकट कागदावर काढ आणि माझ्याकडे पाठव. पहिली कमेंट तू पुसलीस, ती आज उपयोगी पडली असती.

समीक्षा


रत्नागिरी
२६ नोव्हेंबर

ताई,

मावशींना फोन केला होता. पलीकडे मावशींजवळ कोणी तरी बोलत होतं म्हणून एवढंच म्हटलं, दार लावून घ्या आणि राहीला एकटी सोडू नका. बाकी सगळं या पत्रात. एसटी सुटायच्या घाईत लिहितेय.

तू म्हणालीस तसंच झालं. आज सकाळी फोटोखाली ही कमेंट आली, शब्द न शब्द उतरवते:

‘ह्या फोटोत राहीचे केस बॉयकट आहेत. हा जुना आहे. मला येडा समजते काय? वेण्यांचा फोटो माझ्याकडे सेव्ह आहे. एकसारख्या क्वार्टर, मागे डोंगर, भिंतीवर नंबर. धरणाच्या, प्रोजेक्टच्या कॉलन्या किती आहेत कोकणात? शोधतोच. राहीला मी घेऊन जाणार. तिच्या आईला सांग, मध्ये आली तर हातपाय राहणार नाहीत.’

मी पुसलं नाही. बोट पुसायच्या बटणावर होतं, तरी नाही पुसलं. पान छापलं, वर तारीख आणि त्याचं नाव दिसतंय. तीन प्रती सोबत आहेत. एक मी बाबांकडे ठेवलीय. बाबांनी वाचली आणि चप्पल घालून इथल्या पोलिसांत गेले. मीही त्यांच्याबरोबर जाऊन सही केली.

तुला राग आला ते बरोबर आहे. मला रडू आलं, पण ते तुझ्या रागामुळे नाही. तू मला विचारायचं म्हणालीस आणि मला आठवलं, दिवाळीत तो वेण्यांचा फोटो काढतानाही मी तुला विचारलं नव्हतं. तू तोंडातली रिबीन काढून काही तरी म्हणायला लागली होतीस आणि मी म्हटलं, हलू नकोस.

पत्र पोचल्याचं कसं तरी कळव. मी उगाच हातखंब्याला हायवेपर्यंत स्कूटर घेऊन जाऊन येतेय, मुंबईकडून येणाऱ्या गाड्या बघत. त्याचा काही उपयोग नाही हे मलाही कळतं.

सानवी


रत्नागिरी
२ डिसेंबर

ताई,

तुझं काहीच नाही. मावशींचा फोन लागतो पण उचलत नाहीत. अल्बममध्येही काही नवीन नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटतेय. तो लिहीत होता तेव्हा निदान तो मोबाइल घेऊन कुठे तरी बसलाय हे कळायचं.

उद्या संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही तर मी आणि बाबा निघतो. या वेळी विचारून निघते आहे, पण उत्तर द्यायला तूच नाहीस.

सानवी


अलोरे
३ डिसेंबर

प्रिय सानवी,

आम्ही सुखरूप आहोत. राही सुखरूप आहे. मावशींनी तुला फोनवर हे सांगितलंय, तरी पुन्हा लिहिते. सगळं सांगते, कारण फोनवर मावशी ‘झालं एकदाचं’ यापलीकडे काही बोलल्या नसणार.

तो सोमवारी दुपारी आला. कॉलनीत आला आणि तू काढलेला वेण्यांचा फोटो मोबाइलवर समोर धरून रांगांमधून फिरला. नंबर त्याला मिळाला नाही, पण तो पुसायची आपली हुशारी बघ: सगळ्या रांगेत एकच भिंत नव्याने चुना मारलेली. तिथेच तो थांबला. पायरी ओळखली, कुलूप बघितलं. मग कोणाला तरी विचारलं की इथली छोटी मुलगी कुठे असते, आणि त्या बिचाऱ्याने गाळा दाखवला.

मी येसूबाईंचं माप घेत होते. येसूबाई म्हणजे फाट्यावर भाजी घेऊन बसतात त्या, तू त्यांना बघितलंयस, दारात उभ्या राहिल्या की गाळ्यात अंधार होतो. बाकी दोघीजणी बाकावर होत्या. तो आत आला आणि मला काही म्हणालाच नाही. खाली वाकून हाक मारली, ‘राही.’ आणि राही टेबलाखालून ‘पप्पा!’ करत धावत त्याच्याकडे गेली.

सानवी, याची तयारी मी केली नव्हती. किती तरी वेळा मी मनात तो प्रसंग बघितला होता, पण त्यात ती नेहमी माझ्या मागे लपायची. तिला काय ठाऊक? मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. त्याने तिला उचललं.  तो म्हणाला, ‘ही माझी बायको आहे, समीक्षा. घरातून पळून आलीय. मी माझी मुलगी नेतोय, कोणी मध्ये पडू नका.’ आणि दाराकडे वळला.

दारात येसूबाई. गळ्यात माझी टेप तशीच लोंबत होती. म्हणाल्या, ‘माजं माप अर्दं ऱ्हायलंय. ता झाल्याबिगर हितनं कोन बी जायाचा नाय.’ तो म्हणाला बाजूला व्हा. त्या म्हणाल्या, ‘व्हतंय की. आदी पोरीला खाली ठेव, तिचा पाय लोंबतोय, दुखंल.’ बाकावरच्या दोघी उठून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. कोणी आवाज चढवला नाही. एकीने मोबाइलवरून मावशींना कळवलं.

राहीला तोवर काही तरी कळलं. त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, आई, तू पण चल. मी म्हटलं, मी नाही येणार. आणि मला माझा आवाज ऐकू आला, सानवी, चांगला मोठा. म्हटलं, मी कुठेच जाणार नाही, राहीही जाणार नाही, आणि तू जे लिहिलंस ते कागदावर काढून मी चिपळूणला दिलंय. हातपाय राहणार नाहीत हे तुझेच शब्द आहेत ना? मोठ्याने वाचून दाखवू का सगळ्यांना?

त्याने माझ्याकडे बघितलं. तो कायम दार लावून बोलायचा. दार उघडं असताना काय बोलायचं ते त्याला सुचेना. मावशी दवाखान्यातून पांढऱ्या साडीतच धावत आल्या, मागे हवालदार. त्याने राहीला खाली ठेवलं. राही माझ्याकडे आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली. ‘पप्पा रागावले का?’ म्हणून विचारत होती. 

आज चिपळूणला कोर्टातून तात्पुरता आदेश मिळाला. त्याने राहीजवळ, माझ्याजवळ, गाळ्याजवळ यायचं नाही. तुझी छापलेली पानं तिथे लागली; ती चिपळूणला पोचवायच्या गडबडीतच तुला उत्तर लिहायचं राहिलं. मावशींचा मोबाइल जबाबाच्या धावपळीत घरी पडून होता, म्हणून उचलला गेला नाही.

आणि एक गंमत. हवालदार त्याला घेऊन गेल्यावर येसूबाई हात पसरून पुन्हा माप द्यायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘समीक्षा होय तुजं नाव? बरं हाय की. आमाला सांगाचंस तरी!’ वर्षभर जे नाव मी कोणाला कळू दिलं नाही, ते त्यानेच भर नाक्यावर सांगून टाकलं.

समीक्षा


रत्नागिरी
६ डिसेंबर

प्रिय ताई,

जय भीम. तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. येसूबाईंपर्यंत आले आणि पत्र आईच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं.

आता मला एकच करायचंय. कागद कोर्टात लागलेत, पानाच्या प्रती आहेत. तो अल्बम मी कायमचा पुसून टाकते. लग्नाचे फोटो, जेटी, सगळं. लिंक उघडली की काहीच दिसायला नको. माझ्याकडून सुरू झालं, माझ्याच हाताने संपू दे.

पण या वेळी विचारतेय. पुसू का?

तुझी,
सानवी


अलोरे
९ डिसेंबर

प्रिय सानवी,

सप्रेम जय भीम.

विचारलंस, बरं वाटलं. नको पुसूस.

लग्नाच्या फोटोंत माझी आई आहे. तिचे दुसरे चांगले फोटो माझ्याकडे नाहीत. मुंबईचं घर सोडताना मी राहीला उचललं, बाकी काही नाही. ते फोटो तू नंतर मला सावकाश छापून दे.

सध्या एवढं कर. पाटी करून घेऊन ये. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘समीक्षा शिवणकाम, अलोरे’. कॅमेरा घेऊन ये. पाटी लावली की खाली मी, राही, मावशी आणि येसूबाई उभ्या राहू. येसूबाई नवा ब्लाऊज घालून येणार आहेत, तो मी रात्रंदिवस काही करून पुरा करतेय. फोटो काढताना मला विचार, मी हो म्हणेन. राहीने जीभ काढली तर काढू दे. पाटीवरचं नाव आणि गाव नीट वाचता येईल असा उजेड ठेव.

मग तो फोटो त्याच अल्बममध्ये टाक, सगळ्यात वर. त्याच्याकडे लिंक आहे, तो उघडेलच. मी कुठे आहे ते त्याला शोधावं लागू नये. आता तो इथे आला तर नाव सांगून आलेला असेल आणि सगळ्यांच्या देखत आलेला असेल.

आणि त्या पानावर कमेंटचं बटण असतं ना, ते मात्र बंद कर. बघायचं तेवढं बघू दे. त्याचं बोलून झालंय.

तुझी ताई,
समीक्षा